चाकं लावली की झाली लवचिक?

नवी प्रयोगशाळा म्हणे 'लवचिक'! टेबलांना चाकं आहेत, कबूल. पण पाणी, गॅस आणि अर्धे प्लग जमिनीतून वर आलेले. टेबल हलवून न्यायचं कुठे? फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा खेचून घेणारं कपाट, तर हवा बाहेर नेणाऱ्या डक्टला जखडलेलाच. अहो, सिंक एका भिंतीला ठेवा आणि बाकी लाइनी छतातून सोडा, झटपट जोडता-काढता येतील अशा! वास्तुविशारद लुई कान यांनी अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत पाइप-डक्टसाठी प्रयोगशाळांच्या वर अख्खे मजलेच दिले. ती इमारत १९६५ची! आणि आपल्याकडे 'सहकार्यासाठी' काय, तर काचेच्या भिंती आणि रंगीत सोफे. तेही प्रयोगशाळेच्या आत, म्हणजे चहाला बंदी. मग तिथे बसणार कोण, रसायनांच्या बाटल्या? आराखडा काढताना लॅब असिस्टंटला एकदा तरी विचारायचं होतं.