जाळ्याची भरपाई मिळते, मग बेहड्याची का नाही?

कोकणात निसर्ग वाचवायचा म्हटलं की कुणीतरी नकाशा पसरतो, एखाद्या डोंगराभोवती रेघ ओढतो आणि आतल्या भागाला अभयारण्य म्हणा म्हणतो. ही रेघ आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरूनच जाते, हे त्याच्या गावी नसतं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल किती थोडं आहे हे घाटावरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. संगमेश्वर, देवरुख, लांजा या बाजूला एवढं रान दिसतं ते बहुतेक मालकीचं. आणि मालकी म्हणजे तरी काय? सामाईक सातबारा, त्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-चार वारलेली आणि वारसनोंद अजून व्हायचीय.

अशा रानात ककणेर राहतो. पुस्तकातला कवड्या धनेश, मोठ्या चोचीचा पक्षी. त्याला घरट्यासाठी ढोली लागते, आणि ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. बेहडा, जुना रायवळ आंबा, देवराईतलं एखादं आडवंतिडवं वाढलेलं झाड. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि फटीएवढी जागा ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो, तेही आठवडेच्या आठवडे. नर मेला तर आतलं सगळं कुटुंब संपलं. हे चालतं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि आपल्याकडे रानं तोडायला देतात तीही याच दिवसांत. पाऊस गेला, वाट सुकली, ट्रक आत येतो.

ठेकेदार झाडाचा भाव करत नाही, रानाचा करतो. त्या हिशोबात ढोलीचा बेहडा म्हणजे पोकळ, कुचकामी लाकूड, पण उभं ठेवायची तसदी कोण घेणार? तेही जातं. आमच्याच भावकीतल्या एका काकांना मी म्हटलं, तेवढं एक झाड वगळा. ते म्हणाले, "बाबू, वगळतो. पण छपराचे पत्रे तू आणून देणार हायस काय?" मला उत्तर देता आलं नाही. रान विकणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. पुण्यात बसून तर फारच सोपं.

समुद्राकडे मात्र आपण हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलाय. २०१८ च्या डिसेंबरात राज्य सरकारने एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असं संरक्षित काही अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून ते सोडलं, फोटो किंवा व्हिडिओ दाखवला, की जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग, दोघांनी मिळून केलेली ही गोष्ट. पैसे वेळेवर येतात का, यावर कुठल्याही बंदरावर वेगळी गजाल ऐकायला मिळेल. पण तत्त्व बघा. कासव वाचवायचा खर्च एकट्या कोळ्याने सोसायचा नाही, हे सरकारने मान्य केलं. मग ढोलीचं झाड उभं ठेवायचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?

वेळासचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावच त्यात उतरलं. पाहुणे घरोघर उतरतात, जेवतात, पैसे गावात राहतात. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की किनारा कुणी गावाकडून काढून घेतला नाही. याच्या उलट मालवण. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना विश्वासात न घेता घोषणा केली तर दुसरं काय होणार?

पण एका गावाने मनावर घेतलं तरी पुरत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणचिट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला येऊन अंडी घालून गेली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! तिच्यासाठी गुहागरची ग्रामपंचायत काय करणार आणि किती करणार? ककणेराचा पसारा एवढा मोठा नसला तरी एका गावात मावणारा नाहीच. ढोली एका गावच्या देवराईत, उंबर दुसऱ्या गावच्या वहाळाकाठी, काजरा तिसऱ्याच्या माळरानावर. (काजऱ्याचं फळ आपण विषारी म्हणून हात लावत नाही, हा पठ्ठ्या आवडीने खातो.) यातलं एक गाव रान विकून मोकळं झालं की उरलेल्या दोघांनी राखलेलं अर्धं वाया.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्या-दोन तालुक्यांचा मिळून एक गट हवा. त्यात ग्रामपंचायती हव्यात, देवस्थानचे मानकरी हवेत, कारण देवराईतल्या फांदीला हात लावायचा तरी आधी देवाला कौल लावतात. आंबा-काजूचे बागायतदार हवेत, वनखातं आणि महसूल हवं, आणि मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळही हवं. ते नसेल तर सातबाऱ्यावरच्या निम्म्या सह्याच मिळणार नाहीत. या गटाने आधी ठरवावं की आपल्याला राखायचं काय. ककणेर, खवले मांजर, गिधाड, आणि कातळसडाही, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. सडा सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडलेला असतो. पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे येतात, कातळशिल्पं आहेत, जांभ्यातून पाणी मुरतं ते खाली विहिरींना लागतं. आणि आपण तिथे जेसीबी घालतो कारण कागदावर तो 'खराब' आहे.

अमेरिकेचं नाव काढलं की आमच्याकडे लोक हसतात, तरी सांगतो. तिथे आणि कॅनडात बदकं झपाट्याने कमी झाली, कारण ती ज्या पाणथळीत अंडी घालतात त्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या होत्या आणि बुजवल्या जात होत्या. १९८६ मध्ये दोन्ही देशांनी मिळून आराखडा केला, १९९४ ला मेक्सिको आला. अंमलबजावणी दिल्लीसारखी एका जागेवरून नाही, तर भागाभागातल्या संयुक्त गटांकडून. शेतकरी, शिकारी संघटना, सरकारी खाती, सगळे एका टेबलावर, आणि पाणथळ राखणाऱ्याला मोबदला. बदकं सावरली. त्यांचे पैसे आपल्याकडे नाहीत हे मान्य. पण माणसं एकत्र बसवायला किती पैसे लागतात?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काय होतं ते आपण बघतोच आहोत. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून माड-केळीचं नुकसान, माणसं गेली, पंचनामे. हत्ती गोव्यात उतरला की इकडे सुटकेचा निःश्वास, परत आला की तिकडे. तीन राज्यांचा एक आराखडा असायला हवा तिथे तीन राज्यं एकमेकांकडे हत्ती ढकलतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली झाडतोड थांबवायला २०१३ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळांची दलदल अजून शाबूत आहे, ती कुठल्या न्यायालयामुळे नाही. देवाची राई म्हणून लोकांनी राखली.

गावात जैवविविधता समिती कागदावर आहेच, २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला ती करावी लागते. आमची शेवटची कधी बसली कुणाला आठवत नाही. येत्या ग्रामसभेत मी दोन विषय लिहून देणार आहे. एक, गावातल्या ढोलीच्या झाडांची नोंदवहीत गट नंबरासकट नोंद. दुसरा, त्या झाडांच्या मालकांना जाळ्याच्या धर्तीवर भरपाई मिळावी असा ठराव. शेजारच्या दोन गावांच्या सरपंचांशी बोलणं झालंय. एक हो म्हणालेत, दुसरे म्हणाले आधी निवडणूक होऊ दे. पत्रेवाले काका मात्र सूचक म्हणून सही करायला तयार आहेत.