म्हणे, विझेल आपोआप!

जंगलात शेकोटी पेटवायची, मध्यरात्रीपर्यंत गाण्यांच्या भेंड्या लावायच्या, सकाळी तंबू गुंडाळायचे, ग्रुप फोटो काढायचा आणि मागे धुमसते निखारे टाकून चालू पडायचं. हटकलं की उत्तर तयारच असतं, "अहो, विझेल आपोआप. आम्ही काय मुद्दाम वणवा लावतोय का?"

मुद्दाम की चुकून, हे विचारलंय कुणी तुम्हाला? 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 26 एकदा वाचा. राखीव जंगलाला आग लावणारा आणि नियम धाब्यावर बसवून, जंगलाला धोका होईल अशी आग जळती सोडून जाणारा, दोघांना एकाच पोटकलमात बसवलंय. शिक्षा आहेच, वर कोर्ट सांगेल ती नुकसानभरपाई. जंगलाबाहेरही सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे. लोकांच्या जिवाला धोका होईल असा आगीशी हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! तंबूचं भाडं याहून जास्त भरत असतील हे लोक.

पण माझं डोकं खरं फिरतं ते त्याच कलम 26 मधल्या दुसऱ्या तरतुदीने. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार हवे तितके दिवस थांबवू शकतं. म्हणजे शेकोटी यांची, मजा यांची, आणि गुरं दावणीला उपाशी कुणाची? जो त्या रात्री तिथे नव्हताच त्याची. हे मात्र सोमवारी ऑफिसात हजर.

आणि ते पायाने माती लोटून "झाली बंद" म्हणणं! अरे, मातीखाली निखारा विझत नाही, ऊब धरून बसतो. वर राख पांढरी, गार दिसते; काडीने उकरा, आत लालभडक. खाली वाळकं मूळ असेल तर आग त्याच्या आतून सरकत जाते आणि वारा सुटला की भलतीकडेच डोकं काढते. पाणी ओता, ढवळा, परत ओता, फसफस थांबेपर्यंत. मग तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. हात लावायची हिंमत होत नसेल, तर निघायचं नाही. इतकं साधं आहे.

2016 च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या गॅरापाटा स्टेट पार्कमध्ये कुणीतरी अशीच बेकायदा शेकोटी सोडून गेलं. ऑक्टोबरपर्यंत जळत होतं सगळं. 1,32,000 एकर. आग अडवायला गेलेला एक बुलडोझरचालक मेला, विझवायला वीस कोटी डॉलरच्या वर खर्च. आणि ज्याने पेटवली तो? सापडलाच नाही. इथेच तर सगळं घोडं पेंड खातं. कायदा कितीही कडक करा, राखेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

वर ती ठरलेली सबब, "पाणी प्यायपुरतंच होतं हो." मग पेटवली कशाला?