पळायचे बाराशे रुपये

"सर, मेडल संपली."

परवाच्या रविवारी सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटांनी, २१ किलोमीटर पळून (बरं, शेवटचे सहा चालून) मी फिनिश लाइन ओलांडली तेव्हा टेबलामागच्या पोरानं मोबाइलमधनं मान वर न काढता मला हे ऐकवलं. समोर रिकामा खोका होता आणि खोक्यात निळ्या रिबिनीचा एक तुकडा. तो तुकडा तरी उचलावा असं एक क्षण मनात आलं होतं, खोटं कशाला बोला.

"संपली म्हणजे?"

"म्हणजे संपली सर. पत्ता मेसेज करा, कुरियर करतील."

यात पडलो कसा ते थोडक्यात सांगतो. ऑफिसातल्या मित्रानं दोघांचा फॉर्म भरला, पैसे माझ्याकडनं घेतले, आणि आदल्या रात्री 'गुडघा' एवढाच एक शब्द मेसेज करून तो झोपला. तीन महिने मी रंकाळ्याला सराव केला होता आणि सराव झाला की मिसळ, वर कट मागून, ब्रेडच्या सहा स्लाइस. तीन महिन्यांत दीड किलो वजन वाढलं. सराव बंद पडायला नको म्हणून मिसळ आणि मिसळ चुकायला नको म्हणून सराव, असं ते एकमेकांना धरून होतं.

पहाटे साडेपाचला मैदानावर स्टेज, स्टेजवर बाहेरगावचा एक अँकर, आणि तो आम्हाला 'जगात भारी' म्हणायला शिकवत होता. आम्हाला! दोनदा म्हटलं तरी त्याला ऐकू येईना, "आवाज नाही आला कोल्हापूऽऽर." अरे बाबा पहाटेचे साडेपाच वाजलेत, शेजारी लोक झोपलेत. मग झुंबा. मी एरवी जेवढा वर्षभरात नाचत नाही तेवढा त्या पंधरा मिनिटांत नाचलो आणि पळायचा दम तिथंच निम्मा गेला. असो.

पहिले दहा किलोमीटर बरे गेले. राजारामपुरी, विद्यापीठाकडचा चढ, सायबर चौक, पोरं टाळ्या वाजवत होती, एका बाल्कनीतनं एक आजी कुणाला तरी ओरडत होत्या, ते मी प्रोत्साहन म्हणून घेतलं. पण हॉकी स्टेडियमच्या पुढं गेलो आणि हळूहळू लक्षात आलं की आजूबाजूला कोणच नाही. संभाजीनगरच्या पुढचा पाण्याचा पॉइंट आला तेव्हा दोन पोरं टेबलाचे पाय मिटत होती. पाणी मागितलं तर एकानं खोक्यात तीनचार बाटल्या हलवून बघितल्या आणि तळाला दोन घोट असलेली बाटली हातात दिली, "एवढंच राहिलंय काका." पुढं गेलेल्यांनी एकेक बाटली डोक्यावर ओतून घेतली होती, रस्ता ओला दिसत होता. हे मला अजून कळलेलं नाही. जो दीड तासात घरी जाणार त्याला दर दोन किलोमीटरला पाणी आणि जो तीन तास उन्हात राहणार त्याला बाटलीचा तळ. हळू पळणाऱ्याला तहान कमी लागते असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? फी तर दोघांनाही बाराशेच होती, उलट मी रस्ता जास्त वेळ वापरला असं म्हणून माझ्याकडनं पंधराशे घेतले असते तरी मी दिले असते, पण पाणी द्या की.

तर असा मी नवीन वाशी नाक्याच्या अलीकडं आलो आणि मागनं एक जुनी एम-एटी आली. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, वर टोपी घातलेले साठीचे एक मामा. गाडी माझ्या बरोबरीला आणून ते जरा वेळ नुसतं बघत राहिले.

"काय झालंय पावनं? गाडी बंद पडली का?"

"नाही हो. मॅरेथॉन आहे."

"व्हय? मग पळत का न्हाई?"

"पळतोयच की."

मामांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग स्वतःच्या चाकाकडं. मग परत पायांकडं.

"जरा वाढवा मग सायेब. एवढ्या हळू गाडी तोल धरंना झालीया." आणि खरंच, त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले होते आणि होडी वल्हवल्यागत ते माझ्याबरोबर येत होते. मी वाढवला. चाळीस पावलं वाढवला. पुन्हा त्यांचे पाय खाली.

"बक्षीस किती हाय?"

"पहिल्या तिघांना आहे काहीतरी."

"तुमी कितवं?"

"पहिल्या तिघांत नाही."

"ते दिसतंयच. मग तुमास्नी काय मिळतंय?"

"मिळत काही नाही. आपणच बाराशे रुपये भरायचे."

एम-एटी थांबली. म्हणजे मामांनी इंजिनच बंद केलं. मला वाटलं सुटलो, पण माझा स्पीड असा की त्यांनी गाडी स्टँडला लावून, चालत येऊन मला गाठलं.

"पळायला? बाराशे? *तुमी* दिलं?" आणि रस्त्यापलीकडच्या टपरीकडं तोंड करून, "ए बापू! हिकडं ये. ह्येनी बाराशे भरल्यात पळायला!"

टपरीतनं आवाज आला, "कुणासंगट पळून चालल्यात?"

तिथं चहा पीत उभे असलेले पाचसात जण हसले. मी पण हसलो, काय करणार. पण मनातनं मला राग यायला लागला होता आणि त्या रागातच मी चूक केली, मी बाजू मांडायला लागलो. म्हटलं टी-शर्ट मिळतो. मामांनी माझी बाही चिमटीत धरून कापड चोळून बघितलं. "महाद्वार रोडला दीडशेला मिळतोय. त्यो बी घासाघीस न करता." म्हटलं नाश्ता असतो, केळी असतात. "मिळाली केळी?" म्हटलं संपली. "केळी बी संपली!" हे त्यांनी टपरीला कळवलं.

मग त्यांनी परत जाऊन गाडी सुरू केली, आले आणि पाय वल्हवत मला शांतपणे समजावलं. "आमच्या नंदवाळला या. आषाढीला कोल्हापुरातनं एवढी माणसं चालत येत्यात, म्हातारी, लेकुरवाळी. कोण पावती फाडतंय? वाटंत शाबूची खिचडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, हातात कोंबत्यात. शेवटचा माणूस जाईस्तवर पातेलं हलत न्हाई जाग्यावरनं." जरा थांबून म्हणाले, "न्हाईतर जोतिबाचं खेटं घाला. पाच रविवार चालत जायाचं. पळायचं बी न्हाई आन वर नवस फिटतोय."

याला काय उत्तर देणार. पण माझ्यातला पुस्तकं वाचलेला माणूस गप्प बसेना. म्हटलं मामा, या खेळाला इतिहास आहे. १९२० साली आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाला, जगात १९ वा आला, साधी गोष्ट नाही.

मामा प्रभावित झाले. मान हलवली. "आपल्या बेळगावचा? गडी असणार." दहा पावलं शांततेत गेली. मग, "त्येनं किती भरलंतं?"

"त्याला पाठवला होता हो देशातर्फे."

"बगा!" म्हणाले, आणि हँडलवर हात आपटला.

एवढ्यात मागनं हॉर्न वाजला. मागं ॲम्ब्युलन्स होती. शेवटच्या माणसाच्या मागं ती असते, हे मला माहीत होतं, आपण तो माणूस आहोत हे नव्हतं. (शेवटी नव्हतोच मी, माझ्या मागं सहाजण होते, पण ते म्हणे वाटेत नाश्त्याला बसले होते.) ड्रायव्हरनं काच खाली केली, "साहेब, बसताय का?" मी नाही म्हटलं. मग मामा आणि तो, माझ्या डोक्यावरनं बोलायला लागले.

"किती पेशंट घावलं?"

"अजून एकबी न्हाई."

"ह्ये हुतील की. जरा दम धरा."

पुढं एम-एटी, मधे मी, मागं ॲम्ब्युलन्स, अशी आमची मिरवणूक वाशी नाक्यातनं गेली. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं एव्हाना बॅरिकेड काढायला घेतलं होतं, आम्हाला बघून त्यानं परत लावलं आणि सॅल्यूट ठोकायच्या बेतात असताना त्याला मी दिसलो.

आता मामांचा चांगुलपणा सांगायला पाहिजे, नाहीतर देव शिक्षा करेल. मी पाण्याविना आहे हे कळल्यावर त्यांनी गाडी थांबवली, किटली उघडली आणि अर्धा लिटरचं माप भरून पुढं केलं. "घ्या. म्हशीचं हाय. डेरीत फॅट साडेसात लागतीया." मी नाही म्हणत होतो, पण घसा कोरडा होता आणि ॲम्ब्युलन्सवाला आशेनं बघत होता. प्यालो. पैसे विचारले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुमी आधीच लई भरलंय."

पंधराव्या किलोमीटरला पोटात अर्धा लिटर निरसं म्हशीचं दूध घेऊन पळून बघा एकदा. प्रत्येक पावलाला आत ताक घुसळल्यासारखा आवाज. गंगावेशीच्या कट्ट्यावर तालमीतले गडी धारोष्ण दूध पितात ते पिऊन कुठं जात नाहीत, तिथंच उभे राहतात, यामागं शास्त्र आहे हे मला तेव्हा कळलं. शेवटचे सहा किलोमीटर चाललो ते या कारणानं, फिटनेसच्या नव्हे, याची नोंद घ्यावी.

मामा मात्र रंकाळ्यापाशी वळले, रतीब घालायला उशीर झाला होता. जाताना माझा नंबर घेतला. "व्हिडिओ काढलाय तुमचा, धाडतो." कधी काढला कुणाला ठाऊक.

आणि मग फिनिश. हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटर असते असं आपण म्हणतो, ती असते २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकला शर्यत विंडसरच्या किल्ल्यापासून सोडली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, ते अंतर भरलं ४२ किलोमीटर १९५ मीटर, आणि १९२१ साली तेच कायमचं करून टाकलं. त्याचं निम्मं आमच्या नशिबी. म्हणजे कुणा राणीला बसल्या जागेवरनं दिसावं म्हणून मी बावड्याच्या रस्त्यावर साडेसत्त्याण्णव मीटर जादा फरपटलो, आणि बघायला होतं कोण, तर स्टेजचे बांबू सोडवणारे दोन कामगार. कमान उतरवली होती, हवा काढल्यावर ती जमिनीवर पडली होती, मी तिच्यावरनं ओलांडून आलो. वेळ तीन तास अकरा मिनिटं. कट ऑफ साडेतीन तासांचा. हे मी त्या मोबाइलमधल्या पोराला दोनदा सांगितलं. "हो सर, तुम्ही बसताय ना त्यात," तो म्हणाला, जणू माझी समजूत काढत होता. नाव किती जणांचं नोंदवलंय हे यांना माहीत, पैसे तेवढ्यांचे घेतलेले, मग मेडल कमी कशी पडतात? म्हणजे ऑर्डर देतानाच कुणीतरी धरून चाललं होतं की एवढे काही येत नाहीत. ते न येणारे म्हणजे मी. माझ्या न येण्यावर यांनी पैसे वाचवले, आणि मी आलो. उप्पीटही संपलं होतं.

रात्री मामांचा व्हिडिओ आला. दोन मिनिटं चाळीस सेकंद, मागनं काढलेला. बायकोनं बघितला, तिला कौतुक वाटलं, खरंच वाटलं, आणि तिनं तो माहेरच्या ग्रुपवर टाकला. आवाज बंद होता तिच्या मोबाइलचा. ग्रुपवरच्या एकोणचाळीस जणांच्या मोबाइलचा चालू होता. त्यांनी मामांची कॉमेंट्री ऐकली: "ह्ये बगा, शिकल्यालं दिसत्यात. बाराशे रुपय भरल्यात. मागं ॲम्ब्युलन्स हाय." इचलकरंजीच्या मामेसासऱ्यांनी विचारलं, "जावईबापूंची तब्येत कशी आहे आता?" मेहुण्यानं नुसते रडून हसणारे चेहरे टाकले, अकरा.

मामांना मी दुसऱ्या दिवशी रीतसर धन्यवाद दिले. त्यांनी विचारलं, "मग? जिंकलायसा का हरलायसा?"

म्हटलं असं नसतं मामा, पूर्ण केली की झालं.

"म्हंजे बरोबरीत सोडवली," मामा म्हणाले. खासबागेत कुस्त्या बघत आयुष्य गेलेला माणूस, त्यांच्या हिशेबात चौथा प्रकारच नाही.

मेडलचं म्हणाल तर संयोजकांचा मेसेज आलाय, कुरियर चार्जेस एकशे वीस आधी पाठवा, किंवा ऑफिसला येऊन घेऊन जा, अकरा ते पाच, कामाच्या दिवशी. मी पण कामाच्या दिवशी अकरा ते पाच कामच करतो. एकशे वीस मी तत्त्व म्हणून पाठवलेले नाहीत.

आज सकाळी मामांचा गुड मॉर्निंगचा गुलाब आला, खाली "मेडल आलं का." मी आपलं पटकन लिहून टाकलं, आलं.

लगेच उत्तर. "फोटू टाका."

निळ्या टिका दिसल्यात त्यांना.