जनसुनावणीस जाताना घ्यावयाची काळजी

आपल्या खाडीकाठच्या प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर झाली असेल, तर आपले म्हणणे नोंदवून घेतले जाणार आहे, मानले जाणार नाही, एवढे मनाशी पक्के करूनच घराबाहेर पडावे. प्रकल्पाचे पर्यावरणावरील परिणाम तपासण्याविषयीच्या केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेने आपल्याला किमान 30 दिवसांची मुदत उदारपणे दिली आहे. त्या परिणामांचा जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीत आणि त्याचा सारांश मराठीत असल्याने वाचनाचे कष्टही वाचतात.

अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञांवर शंका घेऊ नये. त्यांचे शुल्क प्रकल्पकर्ताच देतो, म्हणजे आपल्यावर भार नाही. पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच हंगामाची आकडेवारी पुरेशी धरली जाते. कोकणातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळत असल्यामुळे, एप्रिलच्या उन्हात कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार, पाहणाऱ्याला तेथे काळा दगड आणि वाळके गवत यांखेरीज काही दिसू नये, हे शास्त्राला धरूनच आहे. श्रावणात त्याच सड्यावर सीतेची आसवे ही फुले जांभळी पसरतात, दवबिंदू नावाची वनस्पती किडे धरून खाते आणि कातळात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना लागते, हे ठाऊक असले तरी उच्चारू नये, कारण आपण ते फक्त पाहिले आहे. (त्यांनी ते पाहिलेले नाही, पण मोजलेले आहे.) तिसऱ्या आणि कालवे हे शिंपले वेचणाऱ्या बायकांना खाडीचे पाणी कधी बदलते हे कळते, त्यांना शक्यतो मागच्या रांगेत बसवावे. त्यांचे बोलणे भावनिक ठरते.

शास्त्रज्ञाने ग्रामसभांना विचारा असे सांगितले, तर तो शास्त्रज्ञ अव्यवहारी समजावा. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने असेच सांगणारा पश्चिम घाटाविषयीचा अहवाल 2011 च्या ऑगस्टमध्ये सादर केला. तो लोकांपासून दूर ठेवण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तेथे हरल्यावर 2012 च्या मेमध्ये तो जाहीर झाला.

अध्यक्षस्थानी बसलेल्या जिल्हाधिकाऱ्यांवर किंवा त्यांच्या प्रतिनिधीवर रागावू नये. प्रकल्प मंजूर करणे वा नाकारणे त्यांच्या हाती नसते; कामकाजाचा वृत्तांत वर पाठवायचा, एवढेच काम. शिवाय गणसंख्येची अट नाही, तेव्हा आपण गेला नाहीत तरी सुनावणी वैध असते, आणि गेलात तर चित्रीकरणात गर्दी दिसते.

पुढे मंजुरी मिळालीच, तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करण्यास पुन्हा 30 दिवस आहेत, फार तर आणखी 60. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यास आहे. घाट चढण्यापूर्वी अहवाल मात्र वाचून घ्यावा.