बोटाचे टक्के आणि परागचं हेल्मेट

त्या दिवशी पराग कट्ट्यावर आला तोच नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे घेऊन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा फुकट तपासणी, कंपनीच्या खर्चाने, आता बघा कसं सगळं लायनीवर येतं वगैरे वगैरे. पराग महापेला एका कंपनीत सेफ्टीत आहे, त्यामुळे तो चहा पिताना पण ट्रेनिंग देतो. कोपरखैरण्याच्या आमच्या टपरीवाल्याला एकदा गरम पातेलं कसं धरायचं ते शिकवलं होतं त्याने.

"चाळिशी तर आपली सगळ्यांचीच झाली की रे," निख्या म्हणाला.

"तुझी पंचविशीतच झाली होती," बाळ्या.

सुन्या गप्प होता. मग डावा हात वर करून म्हणाला, "माझं हे बोट पण तपासणार का? जेवढं उरलंय तेवढं."

सुन्याच्या तर्जनीची दोन पेरं गेलीत, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर. इथल्या सगळ्यांना माहितीये ते. पण परागला राहवत नाही. "हे बघ सुनील, वाईट वाटून घेऊ नको, पण नव्वद टक्के अपघात हे वर्करच्या निष्काळजीपणाने होतात. गार्ड काढतात, ग्लोव्ह्ज घालत नाहीत, हेल्मेट मोटरसायकलला अडकवून ठेवतात."

"ते नव्वद कोणी मोजले?" शीतल म्हणाली. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्यासमोर आकडे टाकताना जपून टाकावे लागतात. परागने विषय हेल्मेटवर नेला.

मग सुन्या बोलला, आणि तो बोलायला लागला की मी मध्ये पडत नाही. म्हणाला, "प्रेसला दोन बटणं असतात पराग. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टी मारून कायम दाबून ठेवलेलं. एका हाताने पीस घालायचा, एका हाताने बटण. त्याशिवाय तासाचा आकडा निघत नाही. ती चिकटपट्टी मी घरून नव्हती नेली."

"पण तू तक्रार करायला हवी होतीस."

"केली ना. ठेकेदार म्हणाला, उद्यापासून नको येऊ."

आणि पुढचं मला आजही सहन होत नाही. बोट गेलं त्या दिवशी त्याला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या हॉस्पिटलात नेलंच नाही, कारण विम्यात नाव घातलेलंच नव्हतं. प्रायव्हेटला नेलं आणि केसपेपरवर लिहिलं, घरी दरवाजात बोट सापडून दुखापत. सुन्या म्हणतो, "चाळीस टनाचा दरवाजा कुणाच्या घरी असतो रे?" नाव नंतर घातलं, त्या आठवड्यात. कामावर असताना जखमी झाला तर ईएसआयकडून पगाराच्या ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर वेगळं, पण त्यासाठी आधी मान्य तर व्हायला हवं ना की माणूस कामावर होता.

शीतलने तेव्हा तो तक्ता सांगितला. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यापासून चालत आलेला. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, अख्खी तर्जनी १४ टक्के, तर्जनीची दोन पेरं ११. बाळ्याने स्वतःच्या हाताकडे बघत बेरीज सुरू केली. पराग म्हणाला स्टँडर्डायझेशन लागतंच.

"तू डाव्या तर्जनीशिवाय शर्टाचं बटण लाव," सुन्या म्हणाला. "मग सांग अकरा की किती."

खरं सांगू, सुन्याचं निदान दिसतं तरी. बाळ्याचं काय? तो एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. त्याच्या वडलांनी १०० किलोची पोती पाठीवर वाहिली. एका माणसाने ५५ किलोच्या वर उचलू नये ही शिफारस आयएलओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच केलेली, आणि आपला माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला, त्याने बोर्ड दिलं, हजेरी दिली, माणसाला माणूस म्हणून पगार दिला. पण मान? बाळ्याला मान डावीकडे वळत नाही, मागून हाक मारली तर अख्खा फिरतो.

"फॉर्मवर विचारतात अपघाताची तारीख," बाळ्या म्हणाला. "काय लिहू? वीस वर्षं?"

मला एकदम आजोबा आठवले. लालबागला मिलमध्ये कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. त्यांना सोमवारी छाती भरून यायची, दम लागायचा, बुधवारपर्यंत बरं वाटायचं. मुकादम म्हणायचा रविवारची उतरली नाही वाटतं, आणि आजोबा तर माळकरी. कापसाच्या धुळीचा हा आजार, बिसिनोसिस, सुरुवातीला असाच दिसतो, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला सगळ्यात जास्त. कायद्याच्या यादीत आहे तो. आमच्या घरी मात्र म्हातारपणाचा दमा म्हणूनच गेला. दगडखाणीतल्या लोकांचं सिलिकोसिस, दगडाच्या धुळीने फुफ्फुसं जातात ते, तर किती वेळा टीबी म्हणून औषधं घेत घेत संपतं, आणि त्याला इलाज नाही, काम सोडलं तरी वाढत राहतं.

"आणि आमचं पण बघा जरा," निख्या म्हणाला. ऐरोलीला आयटीत आहे, स्लिप डिस्क. सगळे हसले. सुन्या नाही हसला. "कंबर ती कंबर," म्हणाला, "खुर्ची एसीत असली म्हणून काय झालं."

पराग पोस्चर समजावायला उभाच राहिला होता, पाठ सरळ, पाय जमिनीला, तेवढ्यात शीतलने तोंडावर हात धरला आणि सुन्याला विचारलं, "मी काय बोलले?"

"आठ."

"सात म्हणाले. आता?"

"पंधरा?"

"पंचवीस."

कोणी काही बोललं नाही. शीतल म्हणाली, "आवाज येतो याला, शब्द कळत नाहीत. स, श, फ पहिले जातात. मशीनच्या आवाजाने कान जातो तो असा, वरच्या पट्टीतून, आणि गेलेला परत येत नाही. आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, प्रेस शॉपमध्ये कोण मोजतं? हे पण कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत आहे बरं का पराग. ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी करून घे सुन्या, आणि कागद जपून ठेव, कोणत्या शॉपमध्ये किती वर्षं ते सगळं लिहून."

पराग हळूच म्हणाला, "आमच्याकडे इअरप्लग देतो आम्ही."

"मशीनचा आवाज कमी करा की," सुन्या म्हणाला. "बूच मारायला सगळे पुढे."

"सुनील, तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस!"

"एकदाच ऐकलं. सेक्टरची फायनल. येस म्हणालास, मी अर्ध्या पिचपर्यंत आलो आणि तू क्रीजमध्ये बॅट टेकवून उभा!"

"मी नो म्हणालो होतो!"

"तेव्हा माझे कान शाबूत होते!"

मग काय, बाळ्या अख्खा फिरून हसायला लागला, निख्याला कंबर धरून हसावं लागलं, टपरीवाला सुद्धा म्हणाला येसच होता, मी स्कोअर लिहीत होतो. परागने तरीही पिच, बॉल आणि कॉलची जबाबदारी कोणाची हे समजावून सांगायला घेतलं, पण तोवर शीतलने सगळ्यांचा चहा आणि सहा वडापाव त्याच्या नावावर लावले होते.