ऊसतोड्यांची पोरं शाळेत का टिकत नाहीत? फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

दसरा जवळ आला, ऊसतोड टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली की मोबाईलवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मुद्दे तेच. ऊसतोड कामगारांना पोरांच्या शिक्षणाची किंमतच नाही. पोटाला नाही तिथं शाळा काय करणार, आधी गरिबी हटवा. शिकूनही बेकारच राहतात, त्यापेक्षा लहानपणी हाताला काम लागलेलं बरं, आणि घरच्या कामाला कायद्यानंही मुभा दिलीच आहे. शेवटी ठेवणीतलं वाक्य: हंगामी वसतिगृहं म्हणजे करदात्याच्या पैशांची उधळपट्टी. खाली अंगठ्यांची रांग.

एकेक मुद्दा घेऊ.

"आईबापांनाच किंमत नाही." शिरूर कासार, पाटोदा, धारूर किंवा पाथर्डी, या बीड-नगर पट्ट्यातल्या कुठल्याही तांड्या-वाडीवर टोळी निघायच्या आदल्या दिवशी जाऊन बघा. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेलीही असते. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा. भांडी, सरपण, पीठ, ताडपत्री, कोंबड्या असं सगळं चढत असतं. पोराला शाळेत घालायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात त्या दिवशी नसतोच. संध्याकाळी त्याला भाकरी कोण करून घालणार, हा असतो. घरात धडधाकट आजी असेल तर पोर मागं राहतं. आजी थकलेली असेल किंवा तीच कोयता घेऊन निघाली असेल, तर पोर ट्रॅक्टरवर बसतं. शेजारच्याच घरातलं पोर शाळेत टिकतं आणि हे गळतं. दोन्ही घरांत शिक्षणाबद्दलची मतं सारखीच असतात.

त्यातही मुलगी आठ-नऊ वर्षांची आणि पाठीवर तान्हं भावंड असेल, तर तिचं जाणं ठरलेलंच. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात दोघं उसाच्या फडात गेली की कोपी म्हणजे राहायची झोपडी, पाणी, चूल आणि झोळीतलं बाळ ही सगळी जबाबदारी तिची. ऊन चढल्यावर ती फडात येऊन वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते, पेंढ्या बांधते. हिशेब कोयत्याचा आणि टनावर, त्यामुळे तिचं नाव कुठल्याच वहीत येत नाही. बालमजूर म्हटलं की लोकांना हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा आठवतो. ही आठवत नाही.

आईबापांच्या मानसिकतेचा हा सिद्धांत शेजारच्या राज्यात तीस वर्षांपूर्वीच तपासून झालाय. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि त्यांची संस्था एम. व्ही. फाउंडेशन यांनी 1991 पासून वेठीला धरलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या पोरांना बाहेर काढायला सुरुवात केली. त्यांनी सरळ भूमिका घेतली: जे मूल शाळेत नाही ते बालमजूरच. मोठ्या झालेल्या पोरांना थेट पहिलीत न बसवता काही महिने शिबिरात ठेवून वयानुरूप वर्गात नेलं. सोय झाल्यावर तिथल्या निरक्षर, भूमिहीन आईबापांनीच पोरं शाळेत धाडली. सिन्हांना 2003 मध्ये मॅगसेसे मिळालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वयानुरूप प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण, हे तत्त्व पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 मध्ये आलं.

"आधी गरिबी हटवा." ऐकायला हा मुद्दा दयाळू वाटतो, म्हणूनच जास्त फसवतो. पोराच्या हातांमुळे आईला बाळ सोडून तोडणी करता येते, दिवसाचा माल थोडा वाढतो, उचल थोडी लवकर फिटते. म्हणजे टनामागच्या दरात पोराची फुकट मजुरी आधीच मुरलेली असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती संपाच्या इशाऱ्यानंतर, संघटनांच्या रेट्यातून. पोरं फडात राबली म्हणून नव्हे. उलट राबणारे हात फुकट मिळत असले की मोठ्यांचा दर वाढवायची घाई कोणाला असते? गरिबी हटेपर्यंत थांबा असं सांगणाऱ्यानं निदान एवढं तरी सांगावं, की तोवर तिसरीतल्या पोरीनं काय करायचं.

"शिकून बेकार, त्यापेक्षा हुन्नर शिकू दे." वाढ्याच्या पेंढ्या बांधण्यात कसला हुन्नर आहे? ज्याला खरंच हातचं कौशल्य हवं त्याची वाट आयटीआयवरून जाते, आणि तिथं बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं, थोड्या ट्रेडना आठवी. शिकाऊ उमेदवारीच्या 1961 च्या कायद्यातसुद्धा 14 वर्षांखाली उमेदवार घेता येत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाच्या पाहण्या पुन्हा पुन्हा दाखवतात. सहा महिने फडावर काढून चैत्रात परतलेलं पोर वर्गात मागं पडतं, वाचता येत नाही म्हणून लाजतं आणि पुढच्या वर्षी स्वतःच ट्रॅक्टरवर चढतं. या गळतीत शाळेचा वाटा आहे, आणि ती थांबवणंही शाळेच्याच हातात आहे.

"कायद्यानं मुभा दिली आहे." अर्धवट वाचन. बालमजुरी कायद्यात 2016 ला दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत मनाई आली. सवलत आहे ती कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्यापुरती, तीही धोक्याच्या कामात नाही. दुसऱ्याच्या रानातला, कारखान्याच्या मुकादमाखालचा ऊस हा कुटुंबाचा धंदा कसा होईल? पुढच्या वर्षी आलेल्या नियमांत तर संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत मुलाकडून अशी मदतही घ्यायची नाही, असं आहे. टोळी फडात कधी पोचते ते वर आलंच आहे. मूल न कळवता सलग 30 दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी ते नोडल अधिकाऱ्याला कळवायचं, हेही त्याच नियमांत आहे.

आता इथं गुरुजी मंडळींनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून गेलेल्या पोराचं नाव पटावर राहतं, कधी हजेरीही लागते. कागदावर गळती शून्य, आणि पोर बेळगावकडच्या फडात. शाळाबाह्य मुलांचं राज्यव्यापी सर्वेक्षण झालं ते 4 जुलै 2015 ला, एका दिवसात. जुलैत ऊसतोड्यांची पोरं असतात कुठं? गावात, आपल्याच वर्गात! मोजणी डिसेंबरात केली असती तर वेगळं चित्र दिसलं असतं.

राहता राहिली "उधळपट्टी". हंगामी वसतिगृह म्हणजे काही इमारत वगैरे नसते. आईबाप बाहेर असताना पोरांनी गावातच, नातेवाइकांकडे किंवा शाळेत राहायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या देखरेखीखाली घ्यायचं. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, हंगाम संपला की बंद. भाकरी कोण करून घालणार, या प्रश्नाला दिलेलं हे थेट उत्तर आहे. गैरव्यवहार होतात, खोटे लाभार्थी दाखवले जातात, डाळ पातळ असते, हे सगळं खरं. पण याहून मोठा दोष तारखेचा आहे. मंजुरी बऱ्याचदा येते तेव्हा टोळ्या जाऊन महिना उलटलेला असतो. मुकादम सप्टेंबरात घरी येऊन बोलणी पक्की करतो, आणि शाळा नोव्हेंबरात यादी पाठवते. जिथं शिक्षक पोळ्यानंतरच घरोघर फिरतात, कोण निघणार आणि मागं कोण राहणार याची यादी करतात, सरपंचाला गाठून पहिल्या महिन्याचा किराणा उधारीवर भरून ठेवतात, तिथं आई जाताना पोराची पिशवी शाळेत ठेवून जाते. महाराष्ट्रात 2017 च्या सुमारास बालरक्षक म्हणून पुढे आलेल्या शिक्षकांनी हेच काम केलं, बरेचदा पदरमोड करून.

जे तरीही जातात त्यांच्यासाठी दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, हे कलम 9 मध्ये. पण फडाची कोपी शाळेपासून लांब, पंधरवड्याला फड बदलतो, आणि टोळी कर्नाटकात असेल तर जवळची शाळा कन्नड. कार्ड खिशात राहतं. म्हणूनच पोराला गावात थांबवणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

आणि ही सोयसुद्धा आठवीपर्यंतच. शिक्षणाचा हक्क 14 व्या वर्षी संपतो. त्यापुढच्या मुलीला घरी एकटी ठेवायची भीती, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणून मुकादम नाक मुरडणार. मग दिवाळीच्या आधी लग्न उरकून कोयता पुरा केला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. याच पोरींसाठी, पोरांसाठी 2021 मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं जाहीर केली. प्रत्येकात 100 जागा धरल्या तर सगळ्या मिळून 8,200 होतात. राज्यातले ऊसतोड कामगार लाखांत मोजले जातात. उधळपट्टी म्हणतात ती एवढी.