डॉक्टर कंट्रोलमध्ये कसे ठेवावेत

बीपी कंट्रोलमध्ये ठेवणं हे तुमच्या-माझ्यासारख्या भिडस्त माणसाचं काम नाही. त्यापेक्षा फॅमिली डॉक्टर कंट्रोलमध्ये ठेवावेत. बीपी कोणाचं ऐकत नाही, डॉक्टर निदान ऐकून घेतात. मला या कामाचा अकरा वर्षांचा अनुभव आहे आणि आमचे डॉक्टर अजून प्रॅक्टिस करताहेत, यावरून माझी पद्धत किती सौम्य आहे ते लक्षात यावं.

सुरुवातीलाच, आजार पूर्ण मान्य करायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० च्या वर आला की डॉक्टर म्हणतात, 'तुम्हाला बीपी आहे.' आपण म्हणावं, 'थोडंसं.' थोडंसं बीपी, बॉर्डरवरची शुगर आणि नावाला कोलेस्टेरॉल ही आपल्याकडे सुखवस्तू असल्याची लक्षणं आहेत. शिवाय वडिलांच्या वेळचं सूत्र हाताशी असतंच: वय अधिक शंभर. या हिशेबानं बासष्टाव्या वर्षी वरचा आकडा १६२ म्हणजे नॉर्मल, आणि दर वाढदिवसाला एक आकडा वाढवून मिळतो, महागाई भत्त्यासारखा. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ साली ही रेघ आणखी खाली, १३०/८० वर आणली, असं डॉक्टर सांगू लागले तर 'अमेरिकेत थंडी असते' एवढं म्हणून विषय मिटवावा. थंडीचा संबंध काय, हे विचारायला त्यांना वेळ नसतो. बाहेर सतरा नंबर बसलेले असतात.

आता मोजणं. पुस्तकात काय काय लिहिलेलं आहे! अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि तोंड बंद. यातली शेवटची अट महाराष्ट्रात पाळली गेल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही टपरीवर कडक चहा घ्यावा, दोन जिने चढावेत, बिनपाठीच्या स्टुलावर पायावर पाय टाकून बसावं, आणि पट्टा फुगायला लागला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काय बोलला ते सांगायला घ्यावं. १६८ येतात. लगेच म्हणावं, 'तुम्हाला बघूनच वाढतं हो, डॉक्टर.' हे वाक्य अनमोल आहे, कारण ते अधूनमधून खरंही असतं. पांढरा कोट बघून रक्तदाब चढणाऱ्या माणसांची वैद्यकशास्त्रात रीतसर नोंद आहे. पंचाईत एवढीच की डॉक्टर त्यावर म्हणतात, 'मग घरी मोजा आणि लिहून आणा.'

घरी मशीन आलं की पहिले आठ दिवस ते कॅरमसारखं वापरतात. जेवणं झाली की साडू, व्याही, शेजारचे काका, सगळ्यांचा एकेक डाव होतो. नंतर ते कपाटात जातं. दाखवायला जायच्या दिवशी रिक्षात बसल्यावर वही काढावी आणि महिन्याभराचे आकडे एका बैठकीत भरावेत. १२८/८२, १२६/८०, पुन्हा १२८/८२. रिक्षा खड्ड्यात गेली तिथे १३४ होतात, त्यानं वहीला जिवंतपणा येतो. पेन मात्र दोन रंगांचं ठेवा. आमच्या डॉक्टरांनी एकदा नुसतंच विचारलं होतं, 'एकतीस जूनलाही मोजलंत?'

गोळी हा खरा कसोटीचा भाग. सकाळी एक, रोज, कायमची. यातला 'कायमची' हा शब्द कानाला फार लागतो. लग्न लागतानासुद्धा कोणी इतक्या स्पष्टपणे सांगत नाही. म्हणून गोळी दोन दिवस बंद करून पाहावी. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर काहीही होत नाही, कारण ती रक्तातून निम्मी उतरायलाच तीस ते पन्नास तास घेते. तिसऱ्या दिवशी कपाटातलं मशीन काढून मोजावं, आकडा बरा येतो, आणि आपल्याला गोळीची गरजच नव्हती हे सिद्ध होतं. पाचव्या दिवशी मोजू नये.

तपासणीच्या आधी तीन दिवस मात्र गोळी न चुकता घ्यावी, म्हणजे डॉक्टर खूश होऊन 'चालू ठेवा' म्हणतात आणि आपण 'आता बंद करू का?' असं विचारायला मोकळे. रक्त तपासायच्या दिवशी लॅबवाल्यानं उपाशी बोलावलेलं असतं, तेव्हा गोळीचाही उपास घडवावा. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते बहुधा 'साध्या पाण्याबरोबर घ्या' म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं नाही.

दुष्परिणाम नातेवाइकांचे वापरावेत. अ‍ॅम्लोडिपिननं पावलांना सूज येऊ शकते, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, हे खरंच आहे, आणि असं झालं तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पण बदलून घेण्यात मजा नाही. सूज मेव्हण्याच्या पायाला यावी आणि गोळी आपण बंद करावी. उलट गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक आपण महिनोन् महिने प्रेमानं खातो. ती बीपी चढवते आणि मूत्रपिंडांवरही ताण देते, पण डॉक्टरांनी बीपीचं विचारलेलं असतं, गुडघ्याचं नाही. विचारलं तेवढंच सांगावं. मूत्रपिंडं गरीब स्वभावाची असतात, वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. डोळ्यांच्या पडद्याचं आणि मेंदूतल्या नसांचंही तसंच. सगळं घर सोसत असतं आणि आपण म्हणतो, 'मला तर काहीच होत नाही!'

व्हॉट्सॲपवरच्या काकांचं मत घेतल्याशिवाय तर उपचार पूर्ण होत नाहीत. ते सर्पगंधा सुचवतात. 'आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतं' ही ओळ सोबत असते. काका चुकत नाहीत, हीच अडचण. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पण त्यांनी ती मापात दिली होती आणि रुग्णांचे रक्तदाब मोजून लिहिले होते. रिक्षात नव्हे. आपण त्यातली सर्पगंधा घ्यावी, माप सोडावं.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही. ज्या संस्कृतीत पान वाढताना पहिलं मीठ पडतं, मग लिंबू, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं, आणि भात येईपर्यंत डावी बाजू भरून गेलेली असते, तिला हे सांगायचं? तरी आपण पथ्य पाळावं. घरात जाहीर करावं, 'आजपासून माझ्या पानात वरून मीठ नको.' त्यानंतर पापड, कुरडई, सांडगी मिरची, ठेचा, फरसाण आणि सुका बोंबील यांना हात लावायला हरकत नाही, त्यांत मीठ दिसत नाही. पापडखारातही सोडियमच असतं, पण तो आडनावानं खार, मीठ नव्हे. फारच टोचलं तर सैंधव आणावं. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, फक्त गुलाबी आणि महाग, त्यामुळे पथ्यासारखं वाटतं. आमटी अळणी झाली म्हणून सूनबाईवर चढवलेला आवाज मात्र बीपीत धरू नये, तो स्वभावात धरावा.

या सगळ्यानंतरही एखाद दिवशी डॉक्टर चष्मा काढून, खुर्ची पुढे ओढून विचारतात, 'खरं सांगा, लोणचं बंद केलंत ना?' इथे माणूस डगमगतो. डगमगू नका. 'केव्हाच!' म्हणावं आणि पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवावी. 'घरचं आहे, कैरीचं. तुमच्यासाठी आणलंय.' डॉक्टर संकोचतात, कंपाउंडरकडे बघतात, बरणी उजेडात धरतात, तोंडावरचं तेल बघतात. ती जाते हे मला ठाऊक आहे. मी दरवर्षी देतो.

यंदा मात्र माझी एक चूक झाली. बरणी देता देता मी कौतुकानं म्हटलं, 'मीठ अगदी बेताचं पडलंय बघा या वेळी. गेल्या वर्षी जरा कमीच होतं.'

डॉक्टरांनी बरणी खाली ठेवली. 'तुम्हाला कसं कळलं?'

अशा वेळी कोरडा खोकला काढावा आणि तो गोळीनं येतो म्हणून सांगावं.